पांढरा फुटला, व्याही हसले: एकाच हॉटेलची दोन जेवणं (मटण ताट, कोल्हापूर)

सुक्कं_मागाहून · रविवार, रात्री १०:५०

आज व्याह्यांसमोर मान खाली गेली, म्हणून हा धागा.

गेल्या बुधवारी ऑफिसातले आम्ही चौघं याच हॉटेलात जेवलो होतो. सव्वाबाराला गेलो, पाच मिनिटांत टेबल मिळालं. पांढरा रस्सा असा झाला होता की मी वाटीच तोंडाला लावली, आणि चौथ्यांदा मागताना वाढप्याची नजर चुकवली. सुक्कं हाडापासून आपोआप सुटत होतं. तिथं बसूनच बहिणीला फोन केला की रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन येतेस ना, जेवायचं इथंच.

आज ते दोघं पुण्याहून पहिल्यांदा आले. सकाळी अंबाबाईचं दर्शन झालं, त्याची रांग सव्वा तास. मग एकच्या सुमाराला या हॉटेलची रांग, एक तास चाळीस मिनिटं. बहिणीचे सासरे रांगेत म्हणाले, "तुमच्याकडं देवीपेक्षा मटणाला गर्दी जास्त." तोवर सगळे हसत होतो.

ताटं आली. पांढरा फुटलेला, वर पाणी, खाली रवाळ चोथा. तांबड्या रश्श्याला रंग होता, जाळ होता, चव नव्हती. माझ्या ताटातलं मटण बोटानं तुटत होतं आणि शेजारी आमच्या बाबांच्या ताटातलं दातानं तुटत नव्हतं. एकाच वेळी, एकाच टेबलावर आलेली ताटं! भाकरी वातड. बाबा बिचारे एक फोड गालात धरून दहा मिनिटं व्याह्यांशी सोयाबीनच्या भावावर बोलत बसले. विहीणबाई शाकाहारी, त्यांनी अख्खा मसूर मागवला होता. टेबलावर फक्त त्याच खूश. "छान आहे हो तुमचं कोल्हापूर," म्हणाल्या. सासरे नुसते हसले. ते हसणं मला अजून दिसतंय.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कुणी विचारू पण नका. एका रविवारसाठी कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. भटारखाना तोच, आचारी तोच (मी विचारून घेतलं), मग चार दिवसांत एवढा फरक कसा पडतो? आणि पाहुणे आले की न्यायचं तरी कधी?

---

सातवी_गल्ली_राजारामपुरी · रविवार, रात्री ११:०४

रविवारी एक वाजता पाव्हणं घेऊन गेलास? चूक हॉटेलची न्हवं भावा, तुझी हाय.

---

रांगेत_उभा · रविवार, रात्री ११:२०

तुम्हाला बसायला तरी मिळालं. मी मागच्या रविवारी पावणेदोन तासांनी आत गेलो तर बसायच्या आधीच मागं पुढचा गडी येऊन उभा. आपण जेवतोय आणि तो आपल्या भाकऱ्या मोजतोय. दुसरी भाकरी मागितली तर मागनं सुस्कारा ऐकू आला. घशाखाली काय उतरणार, मटण कसंही असू दे.

---

पुण्यात_रुतलेला · रविवार, रात्री ११:३१

मूळचा कोल्हापूरचाच आहे, म्हणून बोलतो, राग मानू नका. आपल्याला 'जगात भारी' म्हणायची इतकी सवय झालीय की बेचव रश्श्यालासुद्धा 'आज जरा गर्दी होती' म्हणून पदरात घेतो. हेच जेवण पुण्यातल्या हॉटेलात मिळालं असतं तर इथंच शंभर प्रतिसाद पडले असते, 'पुण्यात काय मिळतंय' म्हणून.

---

सातवी_गल्ली_राजारामपुरी · रविवार, रात्री ११:३४

पडले असतेच. त्यात काय चुकलं?

---

चटणीचा_डबा · सोमवार, सकाळी ७:१५

पांढरा का फुटतो ते सांगते, कारण माझ्या हातनं दोनदा फुटलाय आणि दोन्ही वेळेला घरात सासरची माणसं होती.

पांढऱ्यात अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी असतं, खसखस-काजू-तिळाचं वाटण असतं आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, मंद आचेवर हलवत राहायचं आणि उतरायचं. घरी पंधरा माणसांचं केलं की काम संपलं. हॉटेलात ते पातेलं बारापासून चारपर्यंत शेगडीवरच असतंय. गिऱ्हाईकाला गरम पाहिजे. आच बारीक ठेवली तर रस्सा कोमट जातो, मोठी केली तर उकळतो. उकळला की तेल आणि पाणी वेगळं. बुधवारी पातेलं लहान असतंय, लवकर संपतं, दुसरं ताजं लागतं. रविवारी हंडा. हलवायला माणूस पाहिजे आणि नेमका तोच माणूस भाकऱ्या पोचवायला गेलेला असतो.

तांबड्याचं वेगळं. वर्षाची चटणी आपण मार्च ते मे करतो, डंकावर कुटून आणतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला, वर कांदा, लसूण, खोबरं. जूनमध्ये डबा उघडला की घर दणाणतं. तीच चटणी जानेवारीत मऊ पडलेली असते, कितीही दाबून भरा. हॉटेलवाले एवढी साठवत नसतील, मधनंच बाजारची आणत असतील, तर 'मागच्या पावसाळ्यात चव वेगळी होती' म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण बुधवार ते रविवार चार दिवसांत चटणी काही बदलत नाही, त्यामुळं धागाकर्त्याच्या तांबड्याचं कारण दुसरं असणार. ते मला माहीत नाही.

---

गल्ल्यावरचा_भाचा · सोमवार, सकाळी १०:४०

दुसरं कारण मी सांगतो. माझ्या मामांची लक्ष्मीपुरीत खानावळ होती. कॉलेजात असताना तीन वर्षं सुट्ट्यांमध्ये मी गल्ल्यावर बसलोय आणि गर्दी झाली की आत भटारखान्यातही उभा राहिलोय. आता खानावळ नाही, ती जागा मोबाईलच्या दुकानाला दिलीय. त्यामुळं कुणाची बाजू घ्यायची मला गरज नाही.

आधी मटण. रोजच्याला आम्हाला दोन बकरी लागायची. मामा पहाटे खाटकाकडं जाऊन आठ-दहा किलोचं कोवळं स्वतः बघून घ्यायचे. रविवारी सहा लागायची. सहा म्हटल्यावर निवड गेली, जे मिळेल ते घ्यायचं, त्यात एखाद-दुसरं थोराड येणारच. आता सगळं एकाच पातेल्यात. कोवळं पाऊण तासात मऊ होतं, थोराडाला दीड तास पाहिजे. आचाऱ्यानं कुणाकडं बघायचं? थोराडासाठी थांबला तर कोवळ्याचा लगदा होतो. कोवळ्यासाठी उतरवलं तर थोराड चिवट. तुमच्या टेबलावर तुम्हाला कोवळं आलं, बाबांना थोराड आलं. चांगला आचारी मांस हाताला लागलं की ओळखतो आणि वेगळं शिजवतो, पण त्याला रिकामी शेगडी लागते. रविवारी शेगडी रिकामी नसते.

आता अळणी. तांबडा काय आणि पांढरा काय, दोघांचा जीव मटण शिजवलेल्या त्या पाण्यात. चाळीस किलो मटणातनं जेवढं अळणी निघायचं तेवढंच निघतं. आणि बाहेर पाटी, 'रस्सा अनलिमिटेड'. त्यातनं रविवारी मजा अशी की मटणाचं ताट उशिरा येतं, तोवर माणसं रिकामी बसत नाहीत. ताट यायच्या आधीच दोन-दोन वाट्या पोटात. दीड-दोनपर्यंत अळणीचा तळ दिसायला लागतो आणि बाहेर अजून साठ माणसं उभी असतात.

तिथनं पुढं पातेल्यात गरम पाणी पडतं. तांबड्यात पाणी पडलं तर वरनं कट, म्हणजे तिखट तेलाचा तवंग, ओतता येतो. रंग आला, तिखट आलं, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत पाणी आलं, भागलं. पांढऱ्याचं तसं चालत नाही. वाटण वाढवून दाटपणा आणता येतो, पण जिभेला लगेच कळतं की आत मटण नाही. तांबडा तिखटाच्या आड लपतो, पांढऱ्याला लपायला जागाच नाही. म्हणून मी कुठंही गेलो की आधी पांढऱ्याची वाटी मागतो. ती पातळ लागली की सुक्कं सांगत नाही, अंडा करी खाऊन उठतो.

मामा काय करायचे? दीड वाजता, अळणी संपलं की पाटी फिरवायचे, 'मटण संपले'. तासभर उभी राहिलेली माणसं शिव्या घालून जायची. एकानं दारातनं चप्पल दाखवलेली मला आठवतंय. खानावळ बंद पडायची जी चार कारणं होती त्यातलं हे एक, खोटं का बोला.

---

सुक्कं_मागाहून · सोमवार, सकाळी ११:०२

भाचासाहेब, डोळे उघडले. आम्ही बरोबर पावणेतीनला बसलो होतो.

---

रांगेत_उभा · सोमवार, सकाळी ११:१०

म्हणजे मी दोन तास उभा राहून गरम पाणी पिऊन आलो. वर साडेतीनशे रुपये देऊन.

---

तालमीतला · सोमवार, दुपारी १२:३५

हे सगळं त्या अनलिमिटेडनं झालंय. वाट्या मोजून द्या. दोन तांबडा, दोन पांढरा, पुढची पैसे देऊन. ज्याला ढोसायचाय तो देईल.

---

सातवी_गल्ली_राजारामपुरी · सोमवार, दुपारी १२:४१

कोल्हापुरात रस्सा मोजून? मर्दा, हे बोललास ते बोललास, रंकाळ्यावर येऊन बोलू नको.

---

तालमीतला · सोमवार, दुपारी १२:४४

ये की, संध्याकाळी तिथंच असतोय. पाणी घातलेला रस्सा दहा वाट्या प्यायचा का खरा दोन वाट्या, एवढंच सांग.

---

सातवी_गल्ली_राजारामपुरी · सोमवार, दुपारी १२:४५

खरा दहा वाट्या.

---

पेठेतले_आजोबा · सोमवार, दुपारी ३:२०

मुलांनो, फरक पूर्वीही पडायचा, पण गर्दीला तारीख असायची. खासबागेत कुस्तीचं मैदान असलं की आठ दिवस आधी गावात पोस्टर लागायचं. खानावळवाले ते बघून माणूस वाढवायचे, मटण सांगून ठेवायचे. आखाडात काय होणार ते ठाऊक असायचं आणि श्रावण लागला की आचारी गावाकडं. आता आमच्या पेठेतल्या माणसालासुद्धा सांगता येत नाही की उद्या गाड्या किती येणार. शनिवार-रविवारला लागून सुट्टी आली की पुण्या-मुंबईचं सगळं हायवेनं इकडंच, देवी, जोतिबा, पन्हाळा आणि मग मटण. सगळ्यांना एक ते तीनमध्येच भूक लागते.

दुसरं, आम्ही घरचं मटण रविवारी घरीच खायचो. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून या गावात आंदोलन झालं. लोकांनी मटण घेणं बंद केलं, कृती समिती निघाली, प्रकरण कलेक्टर ऑफिसपर्यंत गेलं. ते हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी नव्हतं, आठवड्याला किलोभर घरात आणणाऱ्यांसाठी होतं. आज माझा नातू म्हणतो, आजोबा, रविवारी घरी भांडी कोण घासणार, बाहेर जाऊया. म्हणजे त्या रांगेत निम्मे पुणेकर असतील तर निम्मे आपणच आहोत.

---

व्यवस्थापक · सोमवार, संध्याकाळी ६:००

दोन प्रतिसाद काढले आहेत. एकात हॉटेलचं नाव होतं, दुसऱ्यात मालकाच्या भावकीचा वाद. चर्चा जेवणाची आहे, जेवणाचीच ठेवा.

---

स्कूटरवरचा_भाऊ · सोमवार, रात्री ११:५५

मी पार्सल पोचवतो. रोज चार-पाच अशा हॉटेलांच्या दारात उभा असतो, तुमच्या रांगेच्या शेजारीच आमची रांग असते. ती तुम्ही मोजत नाही. रविवारी आत चाळीस खुर्च्या असतील, पण बाहेर आमच्या हातात अजून तेवढीच ताटं जातात. ॲपवर घड्याळ चालू असतंय म्हणून आमचं आधी भरतात. वरनं भरतात, सगळा कट आमच्या डब्यात. खाली उरलेला टेबलावर.

घरी मागवणाऱ्यांना पण सांगतो. पांढरा उकळता उकळता पिशवीत बांधतात, मी शाहूपुरीतनं निघून कसबा बावड्याला जाईस्तोवर खड्ड्यांत तो घुसळून निघतो. तुम्ही पिशवी फोडता आणि एक स्टार देता. तो स्टार हॉटेलला जातो, कधीकधी मला पण.

---

चटणीचा_डबा · मंगळवार, सकाळी ७:०५

भाऊ, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडं पार्सल घेऊन आलात तर पाणी पिऊन जात जा.

---

अळूची_वडी · मंगळवार, सकाळी ९:३०

या सगळ्यात विहीणबाईंचा अख्खा मसूर चांगला का निघाला याकडं कुणाचं लक्षच नाही. मी शाकाहारी, नवऱ्याबरोबर सगळी मटणाची हॉटेलं फिरले आहे. मसूर सकाळी शिजवून ठेवलेला असतो, मागणी आली की फोडणीत परततात. फुटत नाही, चिवट होत नाही, उलट मुरतो. आणि मागणारं अख्ख्या हॉटेलात मी आणि अजून एखादी सासू. गर्दीत टिकणारा पदार्थ तोच. फक्त माझ्या वाटीत कधीतरी मटणाचा डाव बुडवतात, तेवढं बघून घ्यावं लागतं.

---

पुण्यात_रुतलेला · मंगळवार, सकाळी १०:१५

मग सोमवारी जावं का? उपास-तापास, गर्दी नाही.

---

गल्ल्यावरचा_भाचा · मंगळवार, सकाळी १०:२२

सोमवारी तर मुळीच नको. रविवारचं उरलेलं कुठं जातं असं वाटतं? आम्ही सोमवारी बंद ठेवायचो, सगळे ठेवत नाहीत. बुधवारी जा, कोल्हापुरात रविवारनंतर मटणाचा वार तोच. खप असतो म्हणून ताजं येतं, आणि पर्यटक नसतात म्हणून पुरतं. शुक्रवार दुसरा, पण देवीचा वार पाळणारे असतात, म्हणून माल कमी लावतात. रविवारीच जायचं असेल तर बाराच्या आत टेबलावर बसलेलं पाहिजे. साडेबारा झाले की गाडी फिरवून घरी.

---

सुक्कं_मागाहून · पुढचा रविवार, दुपारी ४:१०

मंडळी, दोन चकरा मारून आलो. स्वतःच्या पैशानं, नोंद घ्यावी.

बुधवारी बाराला दहा कमी असताना गेलो. आधीच्या बुधवारसारखंच, पांढरा दाट पण चिकट नाही, मिरीची ऊब घशात मागनं येणारी. वाढपी ओळखीचा झालाय. त्याला म्हटलं, रविवारी पांढरा फुटला होता. त्यानं आधी मालक गल्ल्यावर आहे का बघितलं. मग म्हणाला, "रविवारी आम्ही पण इथलं जेवत न्हाई दादा, घरनं डबा आणतोय."

आज मुद्दाम रविवारी गेलो, बायकोला घेऊन, पावणेबाराला. ती म्हणाली, तुला चाचणी करायची असेल तर नीट कर, मी वाट्या लक्षात ठेवते. पहिली वाटी बाराला, बुधवारसारखीच. दुसरी सव्वाबाराला, तीच. आम्ही मुद्दाम हळूहळू जेवत होतो, मागं दोन माणसं उभी, त्यांच्या शिव्या पाठीवर घेत. तिसरी वाटी एकला पाच कमी असताना आली. रंग तोच. बायकोनं एक घोट घेतला आणि वाटी माझ्याकडं सरकवली. फुटलेला नव्हता, पण आतलं काहीतरी निघून गेलं होतं. तासाभरात, एकाच खुर्चीवर बसून, दोन वेगळी हॉटेलं जेवलो.

भाकरी मात्र दोन्ही दिवशी वातड होती. त्याचं कारण अजून कुणी सांगितलेलं नाही.

---

चटणीचा_डबा · रविवार, दुपारी ४:४०

भाकऱ्या सकाळीच थापून थप्पी लावून ठेवत असतील. ज्वारीची भाकरी तव्यावरनं ताटात पडली तर भाकरी, नाहीतर पुठ्ठा. मावशी दोन आणि माणसं दोनशे, बिचाऱ्या काय करतील. दोन भाकऱ्या घरनं नेत जा, मी नेते. पिशवीत कापडात गुंडाळून. कुणी काही म्हणत नाही, म्हटलं तर म्हणायचं पथ्य आहे.

---

सातवी_गल्ली_राजारामपुरी · रविवार, संध्याकाळी ५:०२

डबा घेऊन येणारा वाढपी, भाकरी घेऊन येणारं गिऱ्हाईक. हॉटेलवाल्यानं आता फक्त टेबल भाड्यानं द्यायचं.

---

सुक्कं_मागाहून · रविवार, रात्री ९:२५

नवीन बातमी. बहिणीचा फोन आला होता. सासरे पुढच्या महिन्यात पुन्हा येतायत. मी म्हटलं, यावेळी बुधवारी या, खरं जेवण दाखवतो. तर म्हणे त्यांना रविवारच पाहिजे. त्या दिवशी रांगेत त्यांच्या मागं गडहिंग्लजचे एक निवृत्त मास्तर होते, एक तास चाळीस मिनिटांत दोघांचं असं जमलं की रोज फोन चालू आहेत. मास्तर पण त्याच रविवारी येणार आहेत. दोघांचं ठरलंय, भेटायचं तिथंच, रांगेत.

---

रांगेत_उभा · रविवार, रात्री ९:३१

तारीख कळवा. माझं पण टोकन काढून ठेवा.